गुरुवारचा पहिला सिग्नल

चार माणसं वर्षानुवर्षं एकत्र चहा प्यायली की किस्से साठणारच. आमच्या बोरिवलीच्या सॅटेलाइट अर्थ स्टेशनात तर ढीग झालाय. त्यात यंदा साहेबांनी स्टेशनचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. खरं काय नि थापा काय, आईशप्पथ, मला अजून कळलेलं नाही!

*

सुरुवात जुन्या लॉगबुकपासून केली. आमच्या मागे नॅशनल पार्क. एका पानावर नोंद : 'सिग्नल कमी. बिघाड : माकड.'

खाली हेड ऑफिसचं उत्तर चिकटवलेलं : 'सदर पार्ट स्टॉकमध्ये शिल्लक आहे का?'

त्याखाली पेन्सिलीने : 'भरपूर!'

*

कंट्रोल रूमचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगही त्याच वेळेत लिहायचा, तसा नियमच आहे. नवीन आलेल्या नेहाने पहिल्याच दिवशी घरी फोन लावला, "आई, इथे सकाळी साडेसातला जेवायला बसतात गं!"

*

आता खरी भानगड. स्टेशनचा पहिला सिग्नल पकडला कोणी?

"मीच पकडलंय," परबकाका म्हणाले. काका आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, मूळचे कणकवलीचे, या महिन्यात रिटायर होतायत. "त्याच पहाटे माझा चेडू जन्माक इला. हॉस्पिटलचो फोन हयच इलो!"

साहेबांनी हजेरीपट काढला. "लॉगमध्ये सिग्नल गुरुवारचा. गुरुवारी तुम्ही रजेवर! नाव कसं छापू?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. आयुष्यभर सिग्नलची आणि लेकीच्या जन्माची हीच एक गोष्ट अभिमानाने सांगत आलेला माणूस, आणि जाता जाता खोटा ठरला. मला फार वाईट वाटलं.

दोन दिवस डोकं खाजवलं, आणि पेटली ट्यूब! लॉगमधले गुरुवारचे रात्रीचे पावणेबारा म्हणजे आपली शुक्रवारची पहाट, सव्वापाच. आणि शुक्रवारी काका हजर!

धावत गेलो. "काका, तुमचं नाव छापतोय! फक्त घड्याळाचा घोळ होता!"

काका हसले. मग हळूहळू हसू गेलं.

"रे, फोन इलो तेव्हा खुशीच्या भरात चेडवाच्या जन्माची वेळ मी ह्याच घड्याळात बघून लिवलंय."

"बरं, मग?"

"भटजीनी पत्रिका त्याच वेळेवर केली. लग्नाक जुळवली तीपण तीच."

आम्ही दोघेही घड्याळाकडे बघत बसलो.

शेवटी काकांनी माझा हात घट्ट धरला. "माझा नाव खोडून टाक, बाबा. घड्याळाचो घोळ छापू नको. जावई खूप बरो गावलोहा!"