तार हातात असताना आलेला आकडा

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि दार वाजलं. गॅस बंद करून उघडलं, तर खांद्याला पिशवी लावून खात्रीभाऊ उभे.

टेकडीला आधार देणारी भिंत आमच्या मागच्या दारापासून जेमतेम दोन हातांवर. ती किती कलते हे मोजणारं डबीएवढं यंत्र तिच्यावर बसवलंय आणि आमच्याच घरातल्या नेटवर्कवरून त्याचा आकडा कचेरीत जातो. मागचं दार हल्ली चौकटीत अडकायला लागलं म्हणून मी दोन-तीनदा फोन केला होता. आकडा ठीक आहे, दाराला रंधा मारून घ्या, असं उत्तर आलं. भाऊंना पाठवलं ते बहुधा माझं तोंड बंद करायला.

या माणसाचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही. अर्धं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर गेलं, आता यंत्रं जोडून देतात. हिरवा दिवा लागला की बाकीचे पिशवी उचलतात. हे मात्र तार काढून, पडद्यावरचा आकडा खरंच नाहीसा झाला का ते विचारून, मगच ती परत खोचतात. विचारतात ते बायकोला, कारण कचेरीतल्या पडद्यासमोर तीच बसते. लग्नाला होकार दिला तेव्हाही यांनी दोनदा विचारून घेतलं होतं, असं ती सांगते.

मागच्या दारी यंत्राचा दिवा हिरवाच होता. भाऊंनी फोन स्पीकरवर टाकला आणि तार काढली.

"आता काय दिसतं?"

"मघाचंच. येताना भाजी आणा."

"नीट बघ."

"चष्मा लावलाय. माझ्यावर कधी विश्वास बसणार तुमचा?"

"अगं, तार माझ्या हातात आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

लॅपटॉप मांडीवर घेऊन भाऊंनी मला समजावलं. शाळेमागे नवी भिंत बांधली, तिथलं यंत्र लावताना कुणीतरी इथलीच सेटिंग जशीच्या तशी उचलून टाकली. पत्ता दोघांचा एकच झाला. कचेरी हाक मारायची आमच्या भिंतीला आणि ओ द्यायची ती नवी, धडधाकट. कधीपासून, असं मी विचारलं. पावसाळ्याआधीपासून, म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता टाइप करत राहिले. म्हणजे अख्खा पावसाळा या भिंतीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

आतल्या खोलीत लेक मोठ्याने धडा वाचत होती. तिच्या उशामागे घराची भिंत, आणि तिच्यामागे ही.

नवा पत्ता देऊन त्यांनी तार खोचली. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. या वेळी पलीकडून थट्टा आली नाही.

"अहो," ती म्हणाली, "स्पीकर बंद करा."

त्यांनी फोन कानाला लावला, माझ्याकडे पाठ केली. पुन्हा वाच, म्हणाले. मग आणखी एकदा. नंतर फोन ठेवून त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

आत आले तेव्हा मी त्यांच्यासाठी करून ठेवलेल्या चहावर साय धरली होती. लेकीच्या खोलीत त्यांनी डोकावून पाहिलं.

"साहेबांना कळवतोय, ते येतील तेव्हा येतील. वहिनी, तोवर एवढं करा. लेकीचा पलंग पुढच्या खोलीत टाका. आत्ताच. एक बाजू मी धरतो."