माबेल्यातून लढवलेली निवडणूक

दत्ताकाकांविषयी लिहायचा हक्क त्यांच्या सख्ख्या माणसांचा आहे. मी शेजारच्या खोलीतला मुलगा. शिवाय माझं मराठी घरात बोलून आलेलं, शाळेत शिकलेलं नाही. कॉलेजात जाणाराही घरातला मी पहिलाच. त्यामुळे लिहिताना हात अडखळतो, चुकलं तर सांभाळून घ्या. पण काका गेल्यावर इथल्या आमच्या गावकरी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सदा हसतमुख व्यक्तिमत्त्व' असं आलं आणि मला राहवेना. शेवटचे काही आठवडे काका हसत नव्हते. का, ते त्या ग्रुपवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे.

ते इथेच गेले, मस्कतजवळच्या माबेल्यात. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. व्हिसा रद्द झाला होता, परतीचं तिकीट यायचं होतं. नोकरी परत मागायला ते अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, दारात उभे राहून आले होते, पण त्यांच्या जागी नवा माणूस आला होता. बाबा मला न्यायला बौशरच्या कॉलेजवर आले, गाडी सुरू केली आणि म्हणाले, "दत्ताराम गेलो रे." 

काका एसी दुरुस्त करायचे. माझ्या वयाहून जास्त वर्षं त्यांनी ओमानच्या गच्च्यांवर काढली, पण जीव सगळा सिंधुदुर्गातल्या आमच्या तालुक्याच्या गावात. नगरसेवक व्हायचं हे त्यांचं एकच वेड. आमच्या बिल्डिंगमागे पाणी तुंबलं की म्हणायचे, "आमच्या प्रभागात मी ह्या होऊक देवचंय नाय." शेवटी नगरपंचायतीची निवडणूक लागली, तर प्रभाग बायकांसाठी राखीव. काकांनी गावी असलेल्या आपल्या बायकोला, सुमनकाकूंना, उभं केलं. काकू फोनवर नको नको म्हणत होत्या, ते ऐकू येत होतं. पोस्टर मी लॅपटॉपवर केलं. काका मध्ये, मोठे, हात जोडलेले, काकू कोपऱ्यात.

"काका, उमेदवार काकू आहेत ना?"

"आसात. पण लोक माका वळखतत."

फोटो त्यांनी काळ्या केसांच्या दिवसांतला दिला होता. गावी जाऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती, की गावाला ते तसेच आठवत होते.

आमच्याकडे एक रीत आहे. गावातली पुष्कळ मतं शुक्रवारी जेवणानंतर मस्कतमध्ये ठरतात आणि फोनवरून गावी कळवली जातात. त्या शुक्रवारी आमच्याच घरात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. "सुमनवयनी निवडून येवंदे" म्हटल्यावर सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग एकेकाने फोन स्पीकरवर टाकून बायकोला हुकूम सोडला. तिकडून "बरां, बरां" येत होतं. फक्त विजूची बायको म्हणाली, "वयनीक विचारल्यात काय, तिका ह्या व्हया काय ता?" विजू काकांच्याच खोलीतला, काकांच्याच कामावरचा. तो हसला, मग सगळेच हसले. काका सर्वांत मोठ्याने.

काकांची खरी टांगलेली गोष्ट वेगळीच होती. व्हिसाचं नूतनीकरण आलं होतं. अर्बाब रोज विचारत होता, राहणार की जाणार? काकांनी निकालापर्यंत थांबायला सांगितलं होतं. जिंकलो तर घरी, नाहीतर पुढची वर्षं इथेच. हे विजूलाही माहीत होतं.

मतमोजणीच्या दिवशी काका इब्र्याला कामावर होते. त्यांचा फोन दुपारीच बंद पडला. संध्याकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढून आले, तर दारात विजू झेंडूचा हार घेऊन उभा. "नगरसेवक इले रे!" कोणी गुलाल उधळला, कोणी त्यांना खांद्यावर घ्यायला धावलं. मी नुकताच कॉलेजमधून आलो होतो. मला खरंच वाटलं. मी पाया पडलो.

"खरां?" काका विचारत राहिले. "खरां काय?"

"म्हणजे? मस्कतची मतां फुटतली काय?" विजू म्हणाला.

विजूच्या फोनवरून त्यांनी काकूंना लावला, तो लागेना. मग हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी अर्बाबला स्पीकरवर लावला. बाकीचे अजून खिदळत होते.

"अर्बाब, व्हिसा खलास करो. मैं घर जाता है."

"मबरूक, दत्ता," तो म्हणाला. "यल्ला, कल दुसरा आदमी आएगा."

खोलीतलं हसू तिथे थांबलं. विजू खाली बघू लागला.  काका मात्र गुलालाने लाल झालेले, सगळ्यांना मिठ्या मारत होते.

तेवढ्यात विजूच्या फोनवर काकूंचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"बोला, नगरसेविकाबाई!"



"तुमका कोणी सांगितल्यान? मी पडलंय. डिपॉझिट पण गेला." काका उभे होते तसेच उभे राहिले. काकूंचा आवाज मोकळा होत गेला. "जाऊंदे, माका ता नकोच होता. तुमची थयली नोकरी आसा मा, मग झाला."