हातानं ऐकलेलं इंजिन

औशात लातूर रोडला साहेबराव मिस्त्रींचं गॅरेज. गाडी दारात थांबायच्या आधीच तिचं दुखणं ते सांगत. "हवा जास्त ओढायली," मान वर न करता म्हणायचे, आणि तेच निघायचं. सारी उमर इंजिनाजवळ गेली आणि त्या इंजिनांनीच शेवटी कान नेले. पन्नाशी ओलांडली तेव्हा तोंडासमोर मोठ्यानं बोललेलं तेवढं त्यांना कळे. इंजिनाचा मात्र नुसता गोंगाट. कानाचं मशीन लावलं तर तो गोंगाटच मोठा व्हायचा.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कार्बोरेटरचं काम आलं की "टाइम न्हाई" म्हणून परत पाठवायचे आणि पंक्चर, ऑइल, चेन यावर भागवायचे. खरं कारण ठाऊक होतं ते फक्त बायकोला, सिंधूला.

एका गुरुवारी लुंबिनी आली. देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा नाद. तिची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, उंच शॉकअपची, जाड खाचांच्या टायरची. चढावर ती घुसमटायची आणि उभी असली तरी पेट्रोल गाळायची. रविवारी नायगावजवळ शर्यत होती.

"काका, दोघा मिस्त्र्यांनी खोलून बघितली. फरक न्हाई."

साहेबराव नेहमीचं उत्तर देणारच होते. पण चिखलात पळणारी ती गाडी इतकी निगुतीनं ठेवलेली होती की त्यांना खोटं बोलवेना.

"ताई, मला ऐकू येत न्हाई. पार्ट बदलून देतो, पण शेवटची सेटिंग कानानं करावी लागती."

लुंबिनी त्यांच्यासमोर आली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला येतंय की ऐकू! मी सांगत जाते."

कार्बोरेटर उघडला. पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई टोकाला झिजली होती, पेट्रोल तिथूनच वाहत होतं. इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटमधली सुईही घासलेली. त्यांनी दोन्ही नव्या टाकल्या, फ्लोटची उंची पट्टीनं लावली, बारीक छिद्रांतून हवा मारली. मग गाडी चालू करून हवेचा स्क्रू धरला.

"वाढला का आवाज?"

"वाढल्यावाणी वाटतोय... न्हाई, तेवढाच हाय."

बराच वेळ असंच चाललं. लुंबिनीला आवाज येत होता, पण त्यात काय शोधायचं ते कळत नव्हतं. साहेबरावांच्या कपाळावर घाम आला. गाडी बंद करून परत द्यावी, असंही मनात येऊन गेलं. पण त्यांनी डावा तळहात सीटखालच्या फ्रेमच्या पाइपावर घट्ट दाबला आणि डोळे मिटले. इंजिनाची थरथर हाताला लागत होती. मधेच ती अडखळत होती. त्यांनी स्क्रू थोडा बाहेर काढला. थरथर जलद झाली. आणखी काढला तर पुन्हा डगमगली. तसा तो मागं घेतला आणि हात काढून विचारलं, "आता?"

"एकदम साफ, काका!"

तरी भरधाव वेगाची सेटिंग राहिलीच होती. शुक्रवारी शेतातल्या वाटेवर त्यांनी लुंबिनीला गाडी फुल थ्रॉटलवर पळवायला आणि तिथंच बंद करायला लावली. प्लग काढला, तर काळा, ओला, म्हणजे पेट्रोल जास्त. लहान जेट टाकला. आता प्लग चुन्यासारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं.

"घाई केली मी," साहेबराव म्हणाले. "असंच पळवलं तर पिस्टन जाम व्हईल."

ऊन चढलं, लुंबिनी दमली, पण त्यांनी सोडलं नाही. मधल्या मापाचा जेट बसवून नवा प्लग लावला. या खेपेला तो भाजक्या शेंगेच्या टरफलाच्या रंगाचा निघाला, हवा तसा.

रविवारी साहेबराव सिंधूला घेऊन नायगावला गेले. गर्दीचा गलका त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. ते नुसते सायलेन्सरचा धूर बघत उभे राहिले. मोठ्या चढावर आपली गाडी अडकते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. धूर पातळ, सरळ निघाला आणि लुंबिनी माथ्यावरून उडून पलीकडे गेली. ती तिसरी आली. पुढच्या दोन्ही गाड्या नव्या होत्या.

सोमवारी एक जण खोकणारी मोटारसायकल घेऊन गॅरेजात आला आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला," साहेबराव त्याला म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. आन गाडी बंद करू नका, चालूच राहू द्या."

आणि बाही वर सारून त्यांनी सीटखाली हात घातला.