विटेची मागची बाजू

ऑगस्टमधला शेवटचा शनिवार, ख्राइस्टचर्च. हजर: माझी लेक, दिवस भरत आलेली, जावई, माझ्या सासूबाई, पहिल्या पणतवंडासाठी पुण्याहून आलेल्या, आणि मी, ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्याहून डिंक, अळीव आणि दोन पातेली घेऊन आलेली. गैरहजर: नवरा, नोकरीमुळे.

सकाळपासून एकच मुद्दा अडला होता. बाळाच्या पाचव्या दिवशी सासूबाईंना सटवाईची पूजा करायची होती आणि लेकीला ती नको होती.

"आजी, नो पूजा. बाळाचं नशीब कोणी येऊन लिहीत नाही."

सासूबाई वाद घालत नव्हत्या. फक्त नीट जेवत नव्हत्या.

लेक प्राथमिक शाळेत शिकवते. रजेवर जाण्याआधी तिला प्राचीन इजिप्तमधलं कुटुंब हा विषय संपवायचा होता, म्हणून जेवणाच्या टेबलावर ती वीट रंगवत बसली होती. वीट बागेतलीच. भूकंपात पडलेल्या धुराड्याच्या विटांची आधीच्या मालकांनी पायवाट केली आहे. मी खाली वर्तमानपत्र सरकवलं.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "हे काय गं?"

"बाळंतपणाची वीट. इजिप्तच्या बायका अशा विटांवर उकिडव्या बसून बाळंत व्हायच्या. धरायला दोन्हीकडून बायका."

"उकिडवंच बसायचं. आडवं पडून कधी मूल होतं का?"

"माझी मिडवाइफ पण सेम म्हणते, आजी."

"मग तिला अक्कल आहे."

चित्रात आई बसलेली, मांडीवर बाळ, दोन्ही बाजूंना बायका. लेक रंगवता रंगवता सांगत होती. तिकडे तीन तीन वर्षं मुलाला अंगावर पाजायचे, गळ्यात ताईत बांधायचे. "आणि या विटेचीच एक देवी होती. विटेला बाईचं डोकं. मूल जन्मलं की ती त्याचं नशीब..." इथे तिचा ब्रश थांबला.

"सटवाई," जावई स्वयंपाकघरातून म्हणाला.

"तू भांडी घास."

सासूबाई हसल्या नाहीत. "त्यांची पोरं जगायची का?"

"बरीच नाही जगायची, आजी. म्हणून तर हे सगळं."

"आमचंही तेच. तुझ्या बाबांच्या आधी मला मुलगी झाली होती. पाचवीच्या आदल्या दिवशी गेली. पूजेची तयारी तशीच राहिली."

हे मला लग्नानंतर नणंदेने सांगितलं होतं. सासूबाईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. लेकीला तर काहीच माहीत नव्हतं. तिने ब्रश पाण्यात ठेवला.

"नाव काय होतं?"

"बारसं कुठे झालं?"

जावयाने नळ बंद केला. लेक म्हणाली, "काय काय लागतं पूजेला?"

मी लगेच पेन काढलं. हळद-कुंकू, कोरा कागद, लेखणी, पाटा-वरवंटा. पाट्यावर अडलं. ऑकलंडमधल्या मैत्रिणींना विचारायला मी फोन उचलला, तर सासूबाई विटेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही आहे की."

"आजी, ती सोमवारी शाळेत न्यायचीय."

"ने की. पोरांना दाखव आणि परत आण. कोणाचा पाय लागू देऊ नकोस म्हणजे झालं."

नात झाली. दोघी सुखरूप. पाचवीला लेकीने स्वतः वीट पाटावर मांडली, जावयाने कोऱ्या कागदावर बॉलपेन ठेवलं आणि सासूबाईंनी पूजा केली. त्या संध्याकाळी त्यांनी भात मागून घेतला, तोही दोनदा.

पुण्याला परतण्याआधी त्यांनी लेकीला एकच काम सांगितलं. "विटेच्या मागच्या बाजूला तिलाही काढ."

"कशी दिसायची?"

"केस भरपूर होते. बाकी नाही आठवत."

फोटो अर्थातच नाही. लेकीने पेन्सिलने सुरुवात केली, पुसली, पुन्हा केली, पुन्हा पुसली. सासूबाई फोनवर आधी पणतीची चौकशी करतात, मग विटेची. बारीक ब्रश नाही असं लेक म्हणाली, म्हणून गेल्या खेपेला मी तो आणून खिडकीत विटेशेजारी ठेवला. त्याचं वेष्टण अजून काढलेलं नाही.