विनी ऑर्मरॉडचा मुका फेरा

शनिवार, १४ ऑक्टोबर १९८९. सकाळी ढग, दुपारी ऊन. विनीचा आवाज पार बसला. नगरपालिकेचे मिस्टर एंट्विसल दोन वाजता चॅपलपाशी आले. फेरा झाला. हसून हसून हिल्डाला उचकी लागली ती बसमध्येही थांबेना.

डायरीत रोज एवढंच लिहिते, पण आज एवढ्यावर भागत नाही. विनीबद्दल नीट लिहायलाच हवं.

विनी माझी शेजारीण. मी नन्सच्या शाळेत लॅटिन प्रार्थना घोकत होते, तेव्हा ती प्रॉस्पेक्ट गिरणीत माग सांभाळत होती. पुढे मीही तिथेच लागले. लॅटिन काही कामाला आलं नाही. मागांच्या खडखडाटात माणसाला स्वतःचाही शब्द ऐकू येत नसे, म्हणून आम्ही बायका ओठांनीच बोलायचो. तोंड मोठं करायचं, भुवया नाचवायच्या, आवाज काढायचाच नाही. शेडच्या त्या टोकाला कोणाचं लग्न मोडलं, हे या टोकाला लगेच कळायचं.

गिरणी बंद पडल्यावर विनीनं गावातल्या भयंकर जागा दाखवायचा उद्योग काढला. दर शनिवारी आठ-दहा माणसं तिच्यामागून हिंडत. पूर्वी गिरणीचा बॉयलर फुटून मालक मेला होता, त्या जागी ती टोपी काढून उभी राहायची आणि म्हणायची, "मालक सापडला. पण एका ठिकाणी नाही." लोक आधी दचकत, मग हसत, मग हसल्याची लाज वाटून आणखी हसत.

फेरा संपायचा चॅपलमागच्या बोळात. बोळाच्या टोकाला, भिंतीआड, गवताचा एक तुकडा आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी अनाथाश्रमांतून गिरणीत आणलेली पोरं मेली की तिथे पुरत. दगड नाही, नाव नाही. आता हा बोळ विटा लावून बंद करायचा, असं पालिकेत चाललं होतं. तिथे कुणी येतं-जातं का, ते बघायला मिस्टर एंट्विसल यायचे होते. विनी आठवडाभर त्याच धास्तीत होती. थंडीत अंगणात उभी राहून तालमी केल्या, आणि शुक्रवारी घसा गेला.

"आज नको," मी म्हटलं.

ती ओठांनी म्हणाली, "मी बोलते. तू मोठ्यानं सांग."

तर विनी पुढे, मी तिच्या शेजारी, समोर लोक, आणि सगळ्यांत मागे हिल्डा पिकप. तीही जुनी विणकर, तिच्या जिभेला हाड नाही. मिस्टर एंट्विसल मधोमध हातात फाइल धरून उभे. विनी ओठ हलवायची, मी मोठ्यानं सांगायची. शाळेत नन्सनी जसं शिकवलं तसं, गाळायचं नाही, घालायचं नाही.

बॉयलरपाशी पोचलो आणि मागून हिल्डा ओठांनी म्हणाली, "ए विनी, त्या फाइलवाल्याची विजार बघ. आत अजून एक जण मावेल."

विनीचं तोंड स्फोटाच्या वर्णनात होतं. तिथल्या तिथे तिनं उत्तर दिलं.

आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले, "वाफेचा लोट चिमणीच्याही वर गेला, आणि विजारीचं काय घेऊन बसलीस, केस बघ की त्याचे, बॉयलर बहुतेक त्याच्याच डोक्यावर फुटला."

माणसं वळून एंट्विसलांच्या केसांकडे बघू लागली. केस खरोखरच चारी दिशांना उभे होते. विनी पांढरी पडली. मला वाटलं, गेला बोळ, आणि तो मी घालवला.

मिस्टर एंट्विसल सावकाश मागे वळले. हिल्डाकडे बघून त्यांनी तोंड मोठं केलं, भुवया उचलल्या, आणि आवाज न काढता म्हणाले, "विजार भावाची आहे. केस माझेच."

हिल्डा भिंतीला टेकली. विनीच्या घशातून एक फुसका आवाज निघाला, ते तिचं हसणं. मला तर उभं राहवेना. बाकीच्यांना कशाचाच पत्ता नव्हता, पण तेही हसू लागले.

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरात. आई विणकर होती. बाबांबद्दल जे काही बोलायची ते असंच, त्यांच्या पाठीमागे उभी राहून."

मग बोळातून गवताच्या तुकड्यापाशी आलो. विनीचा इथला रिवाज असा, की प्रत्येकानं आपलं नाव म्हणायचं आणि एका पोराला उसनं द्यायचं. लोकांनी मोठ्यानं म्हटलं. विनीनं ओठांनी म्हटलं. एंट्विसलांनीही ओठांनीच म्हटलं. त्यांचं पहिलं नाव कोणतं, हे आम्ही तिघींनी वाचलं, पण मी इथे लिहीत नाही. ते आता त्या पोराचं आहे.

बाहेर आल्यावर त्यांनी फाइल काखेत मारली. "भिंत घाला, असं लिहायला आलो होतो. आता लिहीन की वाटेवर वर्दळ आहे."

"कुणाची वर्दळ?" विनीनं ओठांनी विचारलं.

"तुम्हा तिघींची. भिंत घालायला आलेल्या गवंड्याची मला दया येते."

विनीनं त्यांचा गाल ओढला, चाळिशीच्या माणसाचा. मग आम्ही हिल्डाला बसमध्ये बसवलं.

संध्याकाळची नोंद: उद्यासाठी वाटाणे भिजत घातले. खायचा सोडा संपला आहे.