बिब्याचा पाटा

मी मुरुमांवर लेप करते, हे आमच्या अख्ख्या गोतावळ्याला माहीत आहे, कारण मीच ते सांगत फिरते. कडुनिंबाचा पाला, मंजिष्ठा, आंबेहळद. गोंदियात आमच्या गल्लीतल्या पोरी येतात, ‘आंटी, वो लेप दो ना’ म्हणतात, आणि मी आधी कानामागे थोडा लावून एक दिवस थांबायला लावते. त्याशिवाय डबी हातात देत नाही. फार कडक आहे मी त्या बाबतीत. म्हणजे परक्यांच्या बाबतीत.

कोहमाऱ्याजवळच्या एका गावात माझी धाकटी बहीण राहते. तिच्या पोरीला यंदा मंडईच्या नाटकात धाकट्या सुनेचं काम मिळालं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात, पण नट्या बाहेरून आणतात. गावातलीच पोरगी स्टेजवर उभी राहणार, हे पहिल्यांदाच. भाऊजी तयार नव्हते. मीच भांडले त्यांच्याशी. ‘गुणाची पोर आहे, तुम्ही काय तिला चुलीपाशीच बसवणार?’ शेवटी हो म्हणाले, तोंड वाकडं करून.

नाटक तोंडावर आलं तेव्हा गेले, तर पोरीचे गाल मुरुमांनी भरलेले. रडवेली झाली होती. म्हटलं, ‘हात्तिच्या! मी कशाला आहे?’ पाला तोडून आणला आणि नेमकी लाईन गेली. मिक्सर बंद. मग मी कोपऱ्यातला पाटा ओढला.

‘ताई, थांब ना,’ बहीण म्हणाली. ‘आमच्या सासूबुढीनं त्याच्यावर बिबा ठेचला होता, टाचेच्या भेगांवर लावाले.’

‘धुतला ना मग?’

‘धुतला, पण...’

‘झालं तर! मले नको शिकवू.’

बिब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात. आणि ते धुतल्यानं जातं? धोबी बिब्यानं कपड्यावर खूण करतो, ती कपडा विरेपर्यंत राहते, हे मी स्वतः लोकांना सांगते. पण त्या दिवशी माझी अक्कल चरायला गेली होती. कानामागे लावून बघायलाही थांबले नाही. घरचीच पोर म्हणून दोन्ही गालांवर थापला लेप.

दुसऱ्या दिवशी बिबा उतला. डोळे सुजून मिटलेले, गालांवर पाणी धरलेले फोड. तिला दवाखान्यात नेताना वाटभर मी स्वतःला शिव्या घालत होते. आणि ती बिचारी मलाच म्हणत होती, ‘मावशी, रडू नको ना.’ त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाटकाला बाहेरची नटी आली. भाऊजी मला एकही वावगा शब्द बोलले नाहीत. ओसरीवर सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, ‘बरं झालं. देवानंच सांगतलं. आता नाटक-बिटक बंद.’

‘देवानं नाही हो भाऊजी, मी केलं हे!’ मी ओरडले. पण त्यांना देवाचंच पटत होतं.

चेहरा बरा झाला, डागही गेले. परवा गेले तेव्हा ती अंगणात धान पाखडत होती. हनुवटीवर दोन नवे मुरूम होते. मी डॉक्टरांकडून आणलेलं मलम पुढे केलं. म्हटलं, आधी कानामागे लावून बघू, आपल्याला काही घाई नाही.

तिनं सूपही खाली ठेवलं नाही.

‘राहू दे ना मावशी,’ म्हणाली. ‘आता कोणाले दाखवाचं हाय?’