पकड सोडायची वेळ

आमच्या वडिलांनी मुलाला तालमीत घातलं आणि मुलीला मेडिकलला. नवस दोघांसाठीही नृसिंहवाडीलाच बोलले. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात पॅथॉलॉजी बघत होते आणि धाकटा भाऊ गल्लीतल्या तालमीत कुस्ती करत होता.

पाऊस सरता सरता त्याला ताप भरला. तालमीत तापावर एकच औषध, घाम. वस्तादांनी त्याच्या हातात फावडं दिलं आणि आखाड्याची माती उकरायला लावली. घाम निघाला, ताप राहिला. मग छातीत कळ आली, थुंकीला विटकरी रंग आला, तेव्हा कुठे त्याला दवाखान्यात आणलं. वस्ताद वडिलांच्या वयाचे, म्हणून मी वाकून नमस्कार केला. राग मात्र चांगलाच आला होता.

थुंकी मीच तपासली. रंग दिलेल्या काचेवर न्यूमोनियाचे जांभळे जोडजंतू, आणि भोवती पांढऱ्या पेशींची झुंबड. पेनिसिलीन सुरू झालं. पुढे पुढे काचेवर जंतू शोधूनही सापडेनात, तरी भावाची छाती भात्यासारखी चालली होती आणि ऑक्सिजन लावूनही ओठ निळसरच होते.

वस्ताद व्हरांड्यातल्या बाकावरून हलत नसत. मला म्हणाले, "जंतू मेलं न्हवं?"

"मेले."

"मग ह्यो आता कुणासंगं लडतोय?"

प्रश्न बिनतोड होता. मी सांगितलं, की पांढऱ्या पेशी जंतू मारायला रक्तातून फुप्फुसात धावतात, पण जंतू मेले तरी लगेच थांबतातच असं नाही. त्यांच्यातलं जहाल रसायन सांडतं आणि आपलंच फुप्फुस पोळतं. तो आता स्वतःशीच लढत होता.

वस्ताद म्हणाले, "नवखं पोरगं डाव झाला तरी पकड सोडत न्हाय. म्या पाठीवर थाप मारतो, तवा सोडतंय. हितं थाप कोण मारनार?"

"मागून दुसऱ्या पेशी येतात. मोठ्या, संथ. मेलेल्या पेशी गिळतात. त्या आल्या की आग शमते."

कशी शमते, ते तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. गिळता गिळता त्या पेशी बाकीच्यांना 'आता पुरे' असा निरोप देतात, हे पुस्तकांत पुढे आलं. नाही आल्या तर काय, हे वस्तादांनी विचारलं नाही. मी मात्र रोज सकाळी थुंकी काचेवर पसरताना तेच विचारत होते.

एका सकाळी काचेच्या कडेला एक दिसली. मोठी, फेसाळ, पोटात मेलेल्या पेशींचे तुकडे. जरा सरकवलं, तर दुसरी. मग जिथे बघावं तिथे. मी तिथेच रडले आणि डोळे पुसून उरलेली काच बघून संपवली. अर्धवट काम मला आवडत नाही.

व्हरांड्यात जाऊन म्हटलं, "वस्ताद, आल्या."

ते माझ्यामागून खाटेपाशी आले. भाऊ कुशीवर झोपला होता. श्वास जड होता, पण धाप उतरली होती. वस्तादांनी सवयीने हात उगारला आणि तसाच वर धरून माझ्याकडे पाहिलं. या माणसाला मी जन्मात कुणाची परवानगी घेताना पाहिलं नव्हतं.

"मारू?"

"हळू," मी म्हटलं.

त्यांनी नुसती बोटं पाठीवर टेकवली. "सोड आता," म्हणाले.